जुन्या बागा, शिकाऊ हात आणि विद्यावेतन

वसंत ऋतूत बागांविषयी चार शब्द बोलावेत, हे रीतीला धरूनच आहे. पण ते आमच्यासारख्या कामगार-चळवळीतल्या माणसाने बोलावेत, हे काही श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढे जे काही शिकलो, ते युनियनच्या कचेरीत, नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या संगतीत. बागेशी आमचा संबंध आला तोही फुलांच्या आवडीने आलेला नाही. बागेतल्या माळ्यांचा पगार तीन-तीन महिने थकत असे, त्याच्या तक्रारी घेऊन ते आमच्याकडे येत, म्हणून आला.

तथापि त्या तक्रारी सोडवता सोडवता एक वेगळाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. ज्या बागा शंभर, दोनशे, चारशे वर्षे टिकल्या, त्या पुढे टिकवण्याचे ज्ञान आज कोणाजवळ आहे? आणि ते पुढच्या पिढीला कोण शिकवणार, कोणाच्या पैशाने? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे. मोकळ्या जागेची, झाडांची, वाटांची आणि पाण्याची मांडणी करण्याच्या शास्त्राला आज सर्वत्र 'लँडस्केप आर्किटेक्चर' म्हणतात; आपण त्याला भूदृश्य-रचना म्हणू. हे शास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना जुन्या बागांतून प्रत्यक्ष काम शिकता यावे, आणि त्या काळात त्यांच्या पोटाची सोय व्हावी, यासाठी जगात काय झाले आणि आपल्याकडे काय व्हावयास हवे, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

बाग ही इमारत नव्हे

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. जुना वाडा किंवा किल्ला जपणे आणि जुनी बाग जपणे, ही दोन निरनिराळी कामे आहेत. दगड आज बसवला की तो उद्या तिथेच असतो. झाड मात्र वाढते, वाकते, म्हातारे होते आणि एक दिवस मरते. त्याच्या सावलीत ज्या वेली लावल्या होत्या त्या सावली गेल्यावर करपतात. ज्या उन्हासाठी फुलझाडे लावली होती ते ऊन शेजारचे झाड वाढले की नाहीसे होते. म्हणजे बागेत काहीच केले नाही, तरी बाग बदलतच असते. इमारत दहा वर्षे बंद ठेवली तर ती धूळ खाईल. बाग दहा वर्षे बंद ठेवली तर ती बागच राहणार नाही.

१९८१ साली इटलीतील फ्लॉरेन्स येथे जगातल्या जाणकारांनी ऐतिहासिक उद्यानांविषयी एक सनद तयार केली. तिचे सार असे की, ऐतिहासिक उद्यान हे स्मारक खरे, पण ते जिवंत स्मारक आहे. ते नष्ट होऊ शकते आणि त्याचे नवीकरणही होऊ शकते. त्याच सनदेत पुढे असेही म्हटले आहे की अशा उद्यानांची देखभाल योग्य शिक्षण घेतलेल्या माणसांकडे असावी, आणि त्या माणसांत इतिहासकार, वास्तुविशारद, भूदृश्य-रचनाकार, वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्या बरोबरीने माळीही मोजला आहे. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. आंतरराष्ट्रीय सनदेत ज्याची गणना तज्ज्ञांत होते, त्याची गणना आपल्या हजेरीपटात 'अकुशल' अशी होते!

चाळीस मीटरला एक सेंटिमीटर

आता एक उदाहरण घेऊ. दिल्लीचा हुमायूनचा मकबरा पुष्कळांनी पाहिला असेल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली ही वास्तू चारबाग पद्धतीच्या बागेत मध्यभागी उभी आहे. चारबाग म्हणजे पाण्याच्या पाटांनी आणि वाटांनी चार भागांत विभागलेली बाग. त्या चार भागांचे पुन्हा लहान लहान चौक. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याची बागही ह्याच जातीची.

ह्या दिल्लीच्या बागेने काय काय पाहिले! पुढच्या काळात तिथे राहणाऱ्या लोकांनी भाज्या आणि तंबाखू पिकवली. १८५७ साली बहादुरशाह जफर इथेच पकडला गेला. त्यानंतर इंग्रजांनी आपल्या आवडीप्रमाणे तिथे विलायती धर्तीची बाग केली. १९४७ साली फाळणीच्या वेळी निर्वासितांच्या छावण्या पडल्या. इतक्या स्थित्यंतरांतून गेल्यावर पाट कोरडे पडले, कारंजी बंद झाली आणि जमिनीची मूळ पातळी मातीखाली गाडली गेली.

१९९७ साली, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, आगाखान सांस्कृतिक न्यासाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या सहकार्याने ही बाग पूर्ववत् करण्याचे काम अंगावर घेतले. २००३ साली ते पुरे झाले. सुमारे तीस एकरांची बाग, तीन किलोमीटरांच्या आसपास पाट, आणि सुमारे तीन हजार ट्रक माती हलवावी लागली. जुन्या विहिरी उपसल्या, पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय केली, लिंबू, संत्रे, डाळिंब, जाई अशी त्या काळाला शोभणारी झाडे लावली.

पण आम्हांस त्यात सर्वांत नवल वाटले ते पाटांच्या उताराचे. पाण्याने पंपाशिवाय, खळखळ न करता, संथपणे वाहावे म्हणून पाटाला उतार द्यावयाचा तो चाळीस मीटरला एक सेंटिमीटर. शंभर मीटर वाहत जाताना पाणी फक्त अडीच सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच खाली उतरणार. हा उतार कागदावर आखणे सोपे आहे. पण दगड घडवणारा पाथरवट, तो बसवणारा गवंडी आणि त्याखालची माती चोपणारा मजूर, ह्या तिघांपैकी एकाचाही हात चुकला तर पाणी मध्येच तुंबते. नकाशा काढणाऱ्याला ह्या तिघांचे काम कळत नसेल, तर चूक कुठे झाली हेही त्याला कळणार नाही.

पुढे २००७ सालापासून त्याच वास्तूच्या इमारतीचे काम झाले. त्यात कारागिरांच्या श्रमाचे दोन लाखांहून अधिक दिवस लागले, आणि रंगीत कौलकामाची विसरलेली कला उझबेकिस्तानच्या उस्तादांकडून शेजारच्या निजामुद्दीन वस्तीतल्या तरुणांनी शिकून घेतली. जुने काम नीट करावयाचे म्हटले म्हणजे ते शिकवावेच लागते. आणि ज्याला शिकवायचे त्याला त्या दिवसांचे पैसे द्यावेच लागतात. दुसरा मार्ग नाही.

साखळी कशी तुटते

हे ज्ञान तुटते कसे, त्याचे एक हृदयद्रावक उदाहरण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल प्रांतात आहे. तिथे हेलिगन नावाची एका जमीनदार घराण्याची मोठी बाग होती. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तिथले माळी लढाईवर गेले. जाण्यापूर्वी, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी माळ्यांच्या शौचकूपाच्या भिंतीवर आपापली नावे पेन्सिलीने लिहून ठेवली. त्यांपैकी कित्येकजण परत आले नाहीत. बाग काटेरी झुडपांखाली बुडून गेली, ती १९९० नंतर पुन्हा उकरून काढण्यात आली. ज्यांनी ती उकरली त्यांना भिंती सापडल्या, काचघरांचे सांगाडे सापडले, आणि ती नावे सापडली. पण त्या माणसांच्या हातांत जे होते, ते कुठून सापडणार? ते पुस्तके वाचून आणि चुका करकरून नव्याने शिकावे लागले.

आपल्याकडे माळी युद्धावर जात नाही. त्याच्या कंत्राटाची मुदत संपते. परिणाम तोच.

जगाने हे शिक्षण कसे दिले

युरोपात माळीकाम हे फार दिवस उमेदवारीने शिकण्याचे काम होते. जोसेफ पॅक्स्टन ह्याचे नाव पुष्कळांना १८५१ च्या लंडनच्या काचमहालामुळे ठाऊक असेल. हा शेतकरी घरातला मुलगा. लंडनजवळच्या उद्यान-संस्थेच्या बागेत तो उमेदवारी करीत होता, तिथून १८२६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, चॅट्सवर्थ येथे मुख्य माळी झाला. काचघरे बांधता बांधता तो बांधकाम शिकला. लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेड गावचे १८४७ साली उघडलेले सार्वजनिक उद्यान त्याच्याच रचनेचे. ते लोकांच्या पैशातून लोकांसाठी झालेल्या पहिल्या उद्यानांपैकी गणले जाते. पॅक्स्टनकडे कोणतीही पदवी नव्हती. पण उमेदवारीच्या काळात त्याला मजुरी मिळत होती, हे विसरू नये. ती मिळाली नसती तर शेतावरचा हा मुलगा शेतावरच राहिला असता.

लंडनच्या क्यू उद्यानाची कथाही अशीच बोधप्रद आहे. तिथल्या तरुण माळ्यांनी १८७१ साली आपसांत एक मंडळ काढले. दिवसभर बागेत राबायचे आणि संध्याकाळी एकमेकांना निबंध वाचून दाखवायचे, त्यावर चर्चा करायची. आजच्या सभेसारखीच ती माळ्यांची व्याख्यानमाला होती म्हणा ना! १८९६ साली तिथे प्रथमच स्त्रिया माळीकामाला घेतल्या गेल्या. त्यांनी घागरे घालून न येता पुरुषांसारखे आखूड तुमानीचे कपडे घालावेत असा नियम होता, त्यामुळे वर्तमानपत्रांना थट्टेला विषय मिळाला. पण त्या स्त्रियांनी काम शिकून घेतले. आमच्या आस्थेचा आणखी एक माणूस तिथे होऊन गेला. विल्यम पर्डम हा क्यूच्या कामगारांच्या संघटनेचा चिटणीस होता. तोच पुढे १९०९ साली चीनमध्ये नव्या वनस्पतींच्या शोधार्थ गेला आणि नामांकित संशोधक ठरला. हक्क मागणारा माळी चांगला माळी नसतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

फ्रान्समध्ये तर शाळाच जुन्या बागेत बसली आहे. व्हर्साय येथे चौदाव्या लुईसाठी १६७८ ते १६८३ ह्या काळात 'राजाचा मळा' तयार करण्यात आला. जागा म्हणजे दुर्गंधी दलदल होती. ती भरून, चर खणून, वर नवी माती टाकून तिथे फळे आणि भाज्या पिकवणारा ला कँतिनी हा मूळचा वकील. बागकाम त्याने स्वतःच्या अभ्यासाने साधले. घोड्यांच्या पागेतले ताजे खत घालून वाफे गरम ठेवायचे, वर काचेची झाकणे ठेवायची, उंच भिंतींच्या उबेला नाजूक झाडे चढवायची, अशा युक्तींनी तो मार्चमध्ये स्ट्रॉबेरी काढून दाखवी. राजे गेले, राज्यक्रांती झाली, मळा राहिला. १८७४ साली तिथे उद्यानविद्येची राष्ट्रीय शाळा उघडली, १९४५ साली तिला भूदृश्य-रचनेचा विभाग जोडला गेला, आणि १९७६ साली त्या विषयाची स्वतंत्र उच्च शाळा त्याच जागी स्थापन झाली. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पाऊल टाकले की समोर भिंतीवर चढवलेली नासपतीची झाडे आणि त्यांची छाटणी करणारे माळी. ह्यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कोणती?

अमेरिकेत बीट्रिक्स फॅरँड नावाची बाई होऊन गेली. तिच्या तरुणपणी ह्या विषयाची शाळाच नव्हती, म्हणून ती बॉस्टनच्या वृक्षोद्यानातील सार्जंट ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाजवळ राहून शिकली. १८९९ साली अमेरिकेत भूदृश्य-रचनाकारांची संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ही एकटीच स्त्री. वॉशिंग्टनमधील डंबार्टन ओक्स ही तिची सर्वांत प्रसिद्ध बाग १९४० साली हार्वर्ड विद्यापीठाकडे गेली. तेव्हा ह्या बाईने एक शहाणपणाचे काम केले. पुढे बाग सांभाळणाऱ्यांसाठी तिने सविस्तर टिपणे लिहून ठेवली: हे झाड मेले तर त्याजागी काय लावावे, ही कुंपणाची झाडी किती उंच ठेवावी, आणि का. ती टिपणे १९८० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या बागेत आज उद्यानांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी अधिछात्रवृत्त्या दिल्या जातात.

अलीकडच्या काळात इंग्लंडमध्ये पुन्हा काळजी उत्पन्न झाली की जुन्या बागांना कसबी माणसे मिळेनाशी झाली आहेत. म्हणून २००६ साली तिथल्या 'इंग्लिश हेरिटेज' ह्या संस्थेने इतर उद्यानसंस्थांना बरोबर घेऊन एक योजना काढली. शिकाऊ उमेदवाराने एखाद्या ऐतिहासिक बागेत पूर्ण एक वर्ष काम करावयाचे आणि त्याला त्या वर्षाचे विद्यावेतन मिळावयाचे. त्याआधी १९९३ साली स्त्रियांच्या एका शेती-उद्यान संघटनेने, संसारात अडकून नोकरी सुटलेल्या स्त्रियांसाठी आठवड्याला पंधरा तासांची, वर्षभराची पगारी उमेदवारी सुरू केली होती. पंधरा तास! घर सांभाळून शिकता येईल इतकेच. ज्याने ही वेळ ठरवली, त्याला संसार म्हणजे काय हे ठाऊक असले पाहिजे.

पैशाचे चार प्रकार

आपल्याकडे 'शिष्यवृत्ती' हा एकच शब्द सगळ्याला वापरतात, आणि त्यातून घोटाळा होतो. चार गोष्टी निरनिराळ्या आहेत.

शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षणाच्या खर्चाला मदत. ती बहुधा फीमध्येच जाते. अधिछात्रवृत्ती म्हणजे शिकून झालेल्याला संशोधनासाठी दिलेली रक्कम. विद्यावेतन म्हणजे काम शिकत असताना पोटापाण्यासाठी दिलेली रक्कम. आणि पगार म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. ह्यांतली पहिली दिली म्हणून तिसरीची गरज संपत नाही. फी माफ झालेल्या मुलीला दिल्लीच्या बागेत सहा महिने शिकण्यास पाठवले, तर ती राहणार कुठे आणि जेवणार काय? खानावळवाला फीमाफीची पावती घेत नाही.

उलट तिसरी दिली म्हणून चौथी बुडवता येत नाही. शिकाऊ म्हणून आणलेल्या मुलाकडून सगळे काम कसब्याचे करून घ्यायचे आणि 'तो तर शिकतो आहे' म्हणून हातावर चार पैसे ठेवायचे, ही लबाडी कारखान्यांत आम्ही आयुष्यभर पाहिली. म्हणूनच १९६१ साली शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा झाला. शिकणाऱ्या हातालाही काही मिळाले पाहिजे, हे तत्त्व त्याने मान्य केले. जे फिटर-टर्नरला लागू, ते बागेत शिकणाऱ्याला का नसावे?

काही सज्जन म्हणतात, "शिकायला यायचे आणि वर पैसेही मागायचे?" त्यांना आमचा एकच प्रश्न असतो. बिनपैशाची उमेदवारी कोण करू शकतो? ज्याच्या बापाला सहा महिने मुलाचा खर्च सोसतो, तोच. म्हणजे दार सर्वांना उघडे आहे असे म्हणायचे आणि उंबरठा कमरेइतका ठेवायचा. माळ्याच्या मुलाला झाडांची नजर जन्मापासून असते. तोच नेमका ह्या उंबरठ्याला अडखळतो.

आमच्या डोळ्यांदेखत घडलेले

नाव घेत नाही, कारण अशी गावे पुष्कळ आहेत. एका शहरात शतकापूर्वीची सार्वजनिक बाग आहे. तिथे अकरा माळी वर्षानुवर्षे काम करीत होते. कागदावर ते कंत्राटदाराचे नोकर. कंत्राटदार बदले, माणसे तीच राहत. एका वर्षी नव्या ठेकेदाराने आपली माणसे आणली आणि ह्या अकरा जणांना 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितले. आम्ही मोर्चा काढला, निवेदने दिली. तारखा पडत राहिल्या.

त्या पावसाळ्यात बागेत पाणी साचले. आठ-आठ दिवस उतरेना. जुनी झाडे मुळाशी कुजू लागली आणि एक मोठे कांचनाचे झाड आडवे झाले. त्याच सुमारास पुण्याच्या एका महाविद्यालयातली भूदृश्य-रचना शिकणारी मुलगी त्या बागेचा अभ्यास करण्यास आली होती. घरून डबा आणि एस.टी.चा पास, एवढ्यावर तिची उमेदवारी चालली होती. तिने नगरपालिकेतले नकाशे पाहिले. त्यांत पाण्याचा निचरा कुठून होतो ते नव्हतेच. तेव्हा तिने चहाच्या गाडीवर चौकशी केली आणि कामावरून काढलेल्या एका म्हाताऱ्या माळ्याला गाठले. आम्ही तिथेच होतो.

"मामा, एवढं पाणी पूर्वी कुठं जायचं?"

"पोरी, ते कागदात नाही गावायचं. चल, दाखवतो."

म्हातारा तिला घेऊन कुंपणाच्या कडेला गेला. नव्याने टाकलेल्या फरशीखाली दगडी नाल्याचे तोंड होते. दरवर्षी मृगाच्या आधी तो आणि त्याचे सोबती ते तोंड साफ करीत. कोणी सांगितले म्हणून नव्हे. त्याच्या आधीच्या माळ्याने तसे शिकवले होते म्हणून. फरशी घालणाऱ्याला हे कोणी सांगितले नव्हते, कारण सांगणारे अकराही जण फाटकाबाहेर होते.

पुढे फरशी काढली, पाणी उतरले. मुलीने तो नाला मोजून नकाशात घातला. तिला त्या कामाचे गुण मिळाले, ह्याचा आम्हांस आनंदच आहे. म्हाताऱ्याला काय मिळाले? एक चहा. आणि तो तिनेच पाजला. अकरांपैकी सहाजण बऱ्याच झगड्यानंतर परत कामावर लागले. म्हातारा लागला नाही. वय झाले म्हणाले. आम्हीही ते त्याच्यासाठी मिळवू शकलो नाही, ही खंत आहे.

काय करावयास हवे

हे सर्व पाहून आमच्या मनात ज्या मागण्या तयार झाल्या, त्या अशा आहेत.

पहिली: जुन्या बागेतली उमेदवारी एका पूर्ण वर्षाची असावी. उन्हाळ्यात आलेल्याला पावसाळ्यातली बाग कळत नाही, आणि छाटणी पाहिलेल्याने बहर पाहिला नाही तर छाटणी का केली हे त्याला समजत नाही.

दुसरी: त्या वर्षाचे विद्यावेतन त्या शहरातली खोली आणि दोन वेळचे जेवण भागेल इतके असावे. जीर्णोद्धाराच्या प्रत्येक कामात दगड, माती, रोपे यांसाठी रक्कम धरतात. तशीच शिक्षणासाठीही अंदाजपत्रकातच धरावी. मागाहून कोणाच्या दयेवर ती ठेवू नये.

तिसरी: शिकवणाऱ्या माळ्याचे नाव शिक्षक म्हणून कागदावर यावे आणि त्याला त्याचे मानधन मिळावे.

चौथी: माळ्यांच्या मुलामुलींसाठी ह्या अभ्यासक्रमांत काही जागा आणि संपूर्ण खर्च राखून ठेवावा. दिल्ली, अहमदाबाद, पुणे येथे हे शिक्षण आज मिळते. ते त्यांच्या दारापर्यंत पोहोचावे.

पाचवी: प्रत्येक शिकाऊ विद्यार्थ्याने जाताना त्या बागेची एक नोंदवही मराठीत लिहून मागे ठेवावी. कोणते झाड कधी लावले, पाणी कुठून येते, कुठे जाते, काय मेले, त्याजागी काय लावले. फॅरँडबाईंनी केले ते आपल्या प्रत्येक बागेत होऊ शकते. त्याला दोनशे पानी वही पुरते.

आणि सहावी, जिच्यावाचून पहिल्या पाच व्यर्थ आहेत: कंत्राट बदलले तरी अनुभवी माळी बदलू नये, अशी अट निविदेतच असावी. शिकवणाराच राहिला नाही, तर शिकाऊला पाठवून काय उपयोग?

शेवटी

कोणी म्हणेल, देशापुढे इतके प्रश्न असताना हे बागांचे कौतुक कशाला? त्यांना आम्ही नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण देऊ इच्छितो. गिरणी-कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. लोखंड्यांच्या चळवळीमुळे १८९० साली त्यांना रविवार मिळाला. तो रविवार घालवायला चाळीतल्या माणसाजवळ काय होते? मुंबईत भायखळ्याची राणीची बाग होती, १८६२ साली उघडलेली. तिचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. आमच्या वडिलांनी गिरणीत उमर काढली. त्यांनी आम्हांस गावाबाहेरचे असे जे पहिले जग दाखवले, ते त्या बागेतल्या झाडांखाली. तिकिटाचे पैसे मोजून, पोळीभाजी फडक्यात बांधून. मोठ्या लोकांच्या बंगल्यांना आपापल्या बागा असतात. गरिबाची बाग ती सार्वजनिक बाग. ती मेली तर त्याच्यापुरती बाग मेली.

पुढच्या वेळी आपण अशा एखाद्या जुन्या बागेत जाल तेव्हा झाडे जरूर पाहावीत. पण तिथे खुरपे घेऊन बसलेला जो माणूस असेल, त्याच्याजवळ दोन मिनिटे थांबावे. इथे किती वर्षे आहात, कोणाकडून शिकलात आणि आता तुमच्याकडून कोण शिकते आहे, एवढे तीन प्रश्न त्याला विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला तो बहुधा गप्प बसेल. ते उत्तर त्याच्या तोंडून यावे, यासाठी नगरपालिकेकडे जी निवेदने जातील, त्यांवर आपली सही असावी, एवढीच आमची विनंती आहे.